शेवटून पहिल्याकडे

शेवटच्या शब्दावर पेन्सिलीचं टोक धरून दशांशबाईंनी बघायला सुरुवात केली. मोबाइल डब्याला टेकवून उभा केलेला, चहा डाव्या हाताला, समोर कोरा कागद. पडद्यावर कुणाच्या तरी इंग्रजी मजकुराचा फोटो होता. गटाच्या नियमाप्रमाणे वरचं नाव काळं केलेलं होतं. खाली एकाने लिहिलं होतं, 'दशांश कुठे आहेत? त्यांची यादी आल्याशिवाय मजा नाही.'

शेवटचा शब्द बरोबर होता. त्याच्या आधीचा बरोबर. त्याच्या आधीच्यात एक अक्षर कमी. बाईंनी कागदावर नोंद केली आणि डावीकडे सरकल्या. 'ऑपरेशन'मध्ये 'पी' दोनदा. नोंद. अनेकवचनाला उगाच लटकवलेला ॲपॉस्ट्रॉफी. नोंद. 'देअर' नेहमीप्रमाणे चुकीचा, 'युवर' नेहमीप्रमाणे चुकीचा. मग 'आवाज' या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. त्याचं स्पेलिंग बरोबर होतं, म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्याच्या मागच्या मागच्या शब्दात, 'लूज'मध्ये, एक 'ओ' जास्त होता. लोक हा शब्द हमखास चुकतात. नोंद.

अकरा चुका भरल्या. चहा अजून कोमट होता.

असं उलटं बघायला त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला एक पातळ कागद असतो, जो कुणी उघडत नाही, तो तपासायचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. त्यांना शिकवणारे म्हातारे तपासनीस म्हणत, "बाई, तुम्ही वाचू नका. नुसतं बघा. अर्थ कळायला लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते." म्हणून प्रत्येक कागद दोनदा तपासला जाई. एकदा जोडीने, मोठ्याने, स्वल्पविरामासकट. आणि एकदा एकट्याने, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा कागद सात जणांच्या सह्या होऊन त्यांच्याकडे आला होता. मात्रा अर्ध्या मिलिलिटरची होती आणि छापताना मधला ठिपका उडाला होता. सातही जणांना मात्रा पाठ असल्यामुळे त्यांना नसलेला ठिपका दिसला. बाईंना तो दिसला नाही, कारण त्या काय वाचताहेत हेच त्यांना माहीत नव्हतं. चाळीस हजार कागद रद्दीत गेले आणि खात्यात त्यांचं नाव दशांशबाई पडलं. चेष्टेत पडलं, पण पुढे चेष्टा गळून गेली आणि नाव राहिलं. दोन वर्षांपूर्वी तपासणीचं यंत्र आलं. ते एक कागद चार सेकंदांत तपासायचं. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, "आता आराम करा." आराम म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

मग हा गट सापडला. दुसऱ्यांचं इंग्रजी वाचून ज्यांच्या डोक्यात तिडीक जाते, असे साठ हजार लोक तिथे होते. दुकानांच्या पाट्या, जाहिराती, कुणाची माफी, कुणाचं लग्न, जे सापडेल ते तिथे येई. बाकीचे नुसते खिदळायचे. बाई यादी करायच्या: आकडा, कंस, एक मोकळी जागा, मग चुकीचा शब्द, बाण, बरोबर शब्द. त्यांच्या यादीला लोक मान द्यायचे. खात्यात कुणी दिला नसेल एवढा.

बाईंनी यादी सुलट केली आणि टाइप केली. पूर्वी त्या शेरा लिहीत नसत. पण शेरा असला की लोकांना आवडतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. थोडा विचार करून त्यांनी खाली लिहिलं, 'यांना ज्यांनी कुणी इंग्रजी शिकवलं, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.'

दुपारपर्यंत साडेतीनशे जणांनी पसंतीचा अंगठा उठवला होता. एकाने लिहिलं होतं, 'आवाज सैल झालाय म्हणे! पाना आणा, घट्ट करून देतो.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग होती. कसला आवाज, ते बाईंना कळलं नाही. त्यांनी बघितलंही नाही. गवार निवडायची राहिली होती.

दोन दिवसांनी सकाळी भावजयीचा फोन आला.

"ताई, कामात नाही ना?"

"मला कसलं काम? बोल. आज बरी आठवण झाली."

यात टोमणा होता, आणि तो तिकडे पोचलाही असावा. धाकट्या भावाचा दर रविवारचा फोन सात महिन्यांपूर्वी अचानक बंद झाला होता. शेवटी बोलला तेव्हा त्याचा आवाज फाटका येत होता. "घसा बसलाय गं ताई, नंतर करतो," म्हणाला, आणि ते नंतर काही आलं नाही. बाईंनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा भावजयीने उचलला, "ते कामात आहेत," म्हणाली. तिसऱ्यांदा बाईंनी केला नाही. आपलं काही लागलं असेल त्याला, करेल राग उतरला की, असं म्हणून त्या गप्प बसल्या होत्या.

"एक विचारू? रागावू नका," भावजय म्हणाली.

"विचार."

"मोबाइलवर दशांश नावानं लिहितं, ते तुम्हीच ना?"

बाईंना क्षणभर बरंच वाटलं. "हो. तुला कुणी सांगितलं?"

"यांनी ओळखलं. कुणीतरी ती यादी यांच्या पोस्टखाली आणून चिकटवली. नाव वाचायच्या आधीच यांनी ओळखलं. आकडा, कंस, मग मोकळी जागा. मला पाटीवर लिहून दाखवलं, ताईचा हात आहे म्हणून."

"कुठली पोस्ट? आणि पाटीवर का लिहील तो? तोंड नाही का त्याला?"

भावजय हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही ती पोस्ट वाचली नाहीत?"

मग तिने सांगितलं. घसा बसलेला नव्हता, गाठ होती. स्वरयंत्रच काढावं लागलं. आता गळ्याला भोक आहे, श्वास तिथूनच. जीव वाचला, गाठ पुन्हा नाही. फक्त आवाज नाही, तो कधी येणार नाही.

"सात महिने?" बाई म्हणाल्या. "सात महिने मला कुणी सांगितलं नाही?"

"मी सांगणार होते. हे नको म्हणाले. म्हणजे लिहिलं. मीच सांगेन म्हणून." ती थांबली. "फोनवर बोलता येत नाही. आणि तुम्हाला लिहायचं म्हटलं की यांचा हात अडतो. चार-पाच वेळा मेसेज लिहिला आणि पुसला. मला विचारायचे, यातली वेलांटी पहिली की दुसरी. आता मला तरी काय कळतंय? मी म्हणायची, अहो, बहीण आहे ती, पाठवा तसंच. तर मान हलवायचे."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या दिवशी तुमची यादी बघितली. खालचं ते नमस्काराचं वाचलं आणि हसले. आता हसले की आवाज येत नाही, गळ्यातून नुसता वारा येतो. मग बसून पोस्ट काढली, तुमच्या यादीप्रमाणे अकराच्या अकरा दुरुस्त केल्या आणि परत टाकली. तक्रार म्हणून फोन नाही केला, ताई. फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून."

फोन ठेवल्यावर बाईंनी गटातला तो फोटो उघडला. या वेळी पहिल्या शब्दापासून. तिसऱ्या शब्दावर डोळा आपोआप थांबला, तरी त्यांनी तो पुढे ढकलला.

गेली वीस वर्षं तो वजनकाटे दुरुस्त करत होता. दुकानांचे, दवाखान्यांचे, प्रयोगशाळांचे. गिऱ्हाइकं नाना भाषांची, म्हणून सगळ्यांसाठी इंग्रजीत लिहिलं होतं. अर्थ एवढाच होता: माझा आवाज गेला आहे. ऑपरेशन झाले आहे. माझे हात चांगले आहेत आणि डोळे चांगले आहेत. तुमचे काटे मी पूर्वीसारखेच दुरुस्त करीन. कृपया फोन करू नका, लिहा. मी प्रत्येकाला उत्तर देईन.

सहा ओळी. एकतीस वर्षांत त्यांनी एवढा छोटा मजकूर क्वचितच तपासला होता.

त्याला इंग्रजी शिकवलं होतं ते त्यांनीच. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि त्या एकवीसच्या. पुढे तो तांत्रिक शाळेच्या वसतिगृहात गेला. दर आठवड्याला पत्र पाठवायचा, कधी आपल्या भाषेत, कधी ताईला आवडेल म्हणून इंग्रजीत. बाई ते पत्र लाल पेन्सिलीने तपासून, तळाशी दोन ओळींचं उत्तर लिहून परत पाठवायच्या. त्याचं भलं व्हावं म्हणूनच. दुसऱ्या वर्षी पत्रं थांबली. मोबाइल आल्यावर त्याने काही दिवस मेसेज केले. बाई बरोबर शब्द उलट टपाली पाठवायच्या. मेसेजही थांबले, आणि रविवारचे फोन सुरू झाले. बोलण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. बोलताना चुका दिसत नाहीत, हे बहुधा त्याला फार लवकर कळलं होतं. बाईंना ते आज कळलं.

त्यांनी गटातली यादी पुसली. तिचे फोटो तोवर आणखी दोन ठिकाणी फिरत होते. ते पुसणं त्यांच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसने तीन तास प्रवास करून त्या त्याच्या दुकानी पोचल्या. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. फळीवर काटे रांगेने मांडलेले, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. तो आतल्या टेबलाशी बसला होता. गळ्याला पातळ सुती पट्टा, श्वासाबरोबर हलणारा. चिमट्याने तो पितळी वजन उचलत होता. बोटाचा घाम लागला तरी वजन फरक दाखवतं, हे त्यानेच त्यांना पूर्वी तासभर समजावलं होतं. पूर्वी तो पारड्यावरची धूळ तोंडाने फुंकायचा. आता फुंकर येत नव्हती. टेबलावर रबरी फुगा होता, तो दाबून त्याने पारडं साफ केलं आणि मान वर केली.

उठला, वाकून नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली. मग हात हलवून विचारलं, चहा?

"आधी बस," बाई म्हणाल्या.

टेबलाच्या कडेला मार्करने लिहायची पांढरी पाटी होती. खडूची धूळ काट्यांवर बसते, म्हणून खडू नाही, असं भावजयीने सांगितलं. बाई बसल्या तशी त्याने ती पाटी उचलून पालथी ठेवली. अगदी सहज, जेवायला बसताना समोरचा पसारा बाजूला करावा तशी.

"बरं दिसतोयस," बाई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली.

"वजन उतरलंय."

त्याने काट्यांकडे हात केला आणि भुवया उडवल्या. एवढे काटे असताना तुझ्या अंदाजावर कशाला जायचं, असं काहीसं. बाईंना हसू आलं आणि लगेच गेलं.

भावजय आत-बाहेर करत होती. शेवटी ती पिशवी घेऊन म्हणाली, "मी यांच्या पट्ट्या आणून येते औषधांच्या दुकानातून. बसा तुम्ही दोघं. आणि ताई, फोन वाजला तर वाजू द्या. लोक वाचत नाहीत, फोनच करतात. मी आल्यावर बघेन."

ती गेल्यावर बाईंनी बसमध्ये तीन तास जुळवलेलं बोलायला घेतलं. जुळवलेलं सगळं पाठ होतं, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"मी ते वाचलंच नव्हतं रे."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"शप्पथ. नुसत्या चुका बघितल्या. शेवटाकडून. तू लिहिलंयस हे माहीत नव्हतं, काय लिहिलंय हेही नाही."

बोलता बोलताच त्यांना ऐकू आलं की ही सबब नव्हे. ही गुन्ह्याची कबुली होती. पूर्वीचा तो असता तर एवढ्यात म्हणाला असता, वा गं ताई, न वाचता अकरा, वाचलं असतंस तर किती काढल्या असत्यास? आणि दोघं हसली असती. त्याने फक्त हात वर करून तळवा हलवला, जाऊ दे. मग खाली बघून काट्याचा स्क्रू पिळू लागला. पाटीला हात लावला नाही.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. ते मान्य होतं की माफ होतं, हे मानेवरून कळत नव्हतं.

फोन वाजला. वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. तो दाराकडे बघू लागला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बाईंनीच उचलला.

"अहो, किती वेळ!" पलीकडून एक बाई भांडल्यासारखी म्हणाली. मागे लहान मुलं कोरसमध्ये रडत होती. "दवाखान्यातून नर्स बोलतेय. तुमचा बाळांचा काटा गेलाय. बाळ न ठेवताच दीडशे ग्रॅम दाखवतोय. वीस बाळं रांगेत आहेत, वजनावर औषध ठरतं त्यांचं. भाऊंना द्या."

"ते बोलू शकत नाहीत. थांबा जरा." बाईंनी फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे त्यालाही ऐकू जाईल. "पुन्हा सांगा."

नर्सने पुन्हा सांगितलं. त्याचा हात पाटीकडे गेला. पाटी उचलून त्याने छातीशी धरली आणि लिहिलं, भराभर, एकटाकी. लिहून झालं तशी त्याने दाराकडे पाहिलं. भावजय दिसत नव्हती. पाटी तशीच छातीशी, अक्षरं आत.

"आहात का हो?" नर्स ओरडली. "इकडे माझ्या कानाचे पडदे चाललेत!"

बाईंनी हात पुढे केला नाही. घाई केली असती तर त्याने पाटी दिली नसती, हे त्यांना समजत होतं. त्यांनी फक्त फोन दोघांच्या मध्ये धरला आणि वाट पाहिली.

त्याने पाटी फिरवली.

"काटा कुणी हलवला का?" बाईंनी वाचलं.

"झाडूवाल्या मावशींनी हलवला असेल. का?"

त्याने पुसलं, लिहिलं, फिरवलं. "चारी पाय टेकलेत का, हात घालून बघा. डोळ्यांनी नको."

"थांबा... तीन टेकलेत. एक लोंबतोय!"

"तो पाय फिरतो. उजवीकडे फिरवा. वरती छोटी काचेची नळी आहे, तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये आला की थांबा."

"आला. आला बघा मध्ये! आता शून्य दाखवतोय."

पुन्हा लिहिणं, पुन्हा वाचणं. "लगेच बाळ ठेवू नका. आधी एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली ठेवा. बाटलीचं वजन धरून एक किलोच्या थोडं वर यायला हवं. दोनदा ठेवा. दोन्ही वेळा सारखं आलं तरच बाळ ठेवा."

वाक्यात काना सुटला होता, एक शब्द अर्धाच होता, दोन शब्द एकमेकांना चिकटले होते. बाईंना ते सगळं दिसलं. न दिसण्याचा उपायच नव्हता. त्यांचा आवाज कुठेही अडखळला नाही. त्याने जिथे श्वास सोडला असता, तिथे त्यांनी तो सोडला.

"दोन्ही वेळा सारखं," नर्स म्हणाली. "देव भलं करो भाऊंचं. आणि तुमचंही. तुम्ही कोण, नवीन आलात का दुकानात?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो पाटी पुसत होता, अगदी कडेकडेपर्यंत.

"मी फक्त वाचून दाखवतेय," त्या म्हणाल्या.

मग संध्याकाळपर्यंत फोन येत राहिले. धान्याच्या दुकानदाराचा, एका शाळेच्या प्रयोगशाळेचा. परक्या भाषेतल्या एका गिऱ्हाइकाचाही आला. त्याच्यासाठी त्याने इंग्रजीत लिहिलं. त्या वेळी त्याचा हात शब्दाशब्दाला थांबला, आणि बाई खिडकीतून रस्त्याकडे बघत बसल्या, तो पाटी फिरवीपर्यंत. जे होतं तेच त्यांनी वाचलं. पलीकडच्या माणसाला सगळं समजलं.

भावजय येऊन गेली. दोघांकडे बघून चहा ठेवून गेली. मधे फोन थांबले की तो काम करायचा आणि बाई बसून राहायच्या. पाटी तेव्हा त्याच्या मांडीवर पालथी असे. मोजायची सवय जात नाही. शेवटच्या फोनपर्यंत त्यांनी त्याची तेवीस वाक्यं वाचली होती. त्यातलं एकही त्यांना लिहिलेलं नव्हतं.

बसची वेळ झाली तसा तो उठला. दुकानाचं दार ओढून घेतलं, त्यांची पिशवी घेतली आणि त्यांच्या चालीने चालत थांब्यापर्यंत आला. रस्त्यात गर्दी होती. एका ओळखीच्याने लांबून हाक मारली, त्याने हात वर केला. पाटी त्याने आणली नव्हती. विसरली होती की मुद्दाम ठेवली होती, ते बाईंनी विचारलं नाही.

"रविवारी येते," त्या म्हणाल्या. "फोन उचलायला."

तो ऐकत होता. बस दिसली तेव्हा त्याने पिशवी त्यांच्या हातात दिली, आणि वाऱ्याने उडणारा गळ्यावरचा पट्टा दोन बोटांनी दाबून धरला.

बाई खिडकीशी बसल्या. काच वर करेपर्यंत बस हलली. मागे तो उभा होता, एक हात गळ्याशी, दुसरा रिकामा.